१८५७ साली मुंबई विद्यापीठाचे वर्ग भरायचे तरी कुठे? आणि संशोधन कधीपासून सुरू झालं?

चर्चगेट_स्लो

नमस्कार मंडळी. माझं ऑफिस फोर्टात आहे, रोज चर्चगेटला उतरून ओव्हल मैदानातून चालत जाते आणि समोर राजाबाई टॉवर असतोच. इतकी वर्षं बघतेय पण विद्यापीठाबद्दल खरं म्हणजे काहीच माहीत नाही हे परवा लक्षात आलं. झालं असं की रविवारी जेवताना माझे सासरे आणि माझा भाचा यांची चांगलीच जुंपली. सासरे जुने बीकॉम, ते म्हणतात युनिव्हर्सिटीत शिकतं कोण, शिकायचं कॉलेजात, युनिव्हर्सिटी फक्त परीक्षा घेते आणि मार्कशीट देते. भाचा कलिनाला फिजिक्समध्ये पीएचडी करतोय, त्याला हे भारी लागलं, तो म्हणाला आजोबा आमच्याकडे दिवसरात्र लॅब चालू असते त्याचं काय.

मला प्रश्न पडला की १८५७ स्थापना म्हणतात, पण फोर्टातली बिल्डिंग तर नंतरची दिसते, मग तेव्हा वर्ग कुठे भरायचे? शिकवायचं कोण? त्याच वर्षी तिकडे उत्तरेत एवढं बंड पेटलेलं असताना इंग्रजांना इथे विद्यापीठ काढायचं कसं सुचलं? आणि संशोधन करणारं विद्यापीठ असं आपण याला कधीपासून म्हणू शकतो? कोणाला नीट माहिती असेल तर सविस्तर लिहा प्लीज, वाचायला वेळ आहे मला.

गिरगावचा_म्हातारा

ताई, वर्ग भरायचेच नाहीत! तुमचे सासरे १८५७ सालापुरते तरी शंभर टक्के बरोबर आहेत.

१८५४ साली चार्ल्स वूडचा, म्हणजे विलायतेत हिंदुस्थानचा कारभार बघणाऱ्या मंत्र्याचा, शिक्षणाबद्दलचा खलिता आला, त्यात कलकत्ता, मुंबई, मद्रास इथे विद्यापीठं काढा असं होतं आणि नमुना होता लंडन विद्यापीठाचा. म्हणजे विद्यापीठाने स्वतः शिकवायचं नाही, कॉलेजांना संलग्न करून घ्यायचं, अभ्यासक्रम ठरवायचा, परीक्षा घ्यायची, पदवी द्यायची. बंडाचं म्हणाल तर कायद्यांची तयारी आधीपासून चालली होती. कलकत्त्याचा कायदा जानेवारीत झाला, आपला १८ जुलै १८५७ ला, मद्रासचा सप्टेंबरमध्ये. आपला कायदा झाला त्या दिवशी दिल्ली अजून बंडवाल्यांच्याच ताब्यात होती. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात इथल्या एस्प्लनेडवर, म्हणजे आजच्या आझाद मैदानाच्या बाजूला, दोन शिपायांना तोफेच्या तोंडी दिलं. हे दोन्ही एकाच शहरात एकाच वर्षी झालं हे मुलांना शाळेत एकत्र कधी सांगतच नाहीत.

पण विद्यापीठ नुसतं इंग्रजांनी वरून आणून ठेवलं असंही नाही हं. बॉम्बे असोसिएशनने, म्हणजे आपल्या इथल्या लोकांनी, त्यासाठी सरकारकडे अर्ज केला होता. पहिल्या फेलोंच्या, म्हणजे विद्यापीठाचा कारभार बघणाऱ्या सदस्यांच्या, यादीत नाना शंकरशेट आहेत, डॉ. भाऊ दाजी आहेत. शिकवायला कॉलेजं आधीपासून होतीच, एल्फिन्स्टन होतं, ग्रँट मेडिकल १८४५ चं, लॉचे वर्ग १८५५ पासून, पुण्याचं पूना कॉलेज ज्याचं पुढे डेक्कन कॉलेज झालं. दादाभाई नौरोजी तर विद्यापीठ निघायच्या आधीच एल्फिन्स्टनला गणित शिकवत होते.

पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली, सव्वाशेच्या वर मुलं बसली आणि पास झाली वीस-बावीस. पुढे १८६२ ला पहिले बीए झाले, किती? चार! महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. तेव्हा स्वतःची इमारत नव्हती, कामकाज टाउन हॉलमध्ये चालायचं, आता जिथे एशियाटिक सोसायटीची लायब्ररी आहे तिथे. आणि हेच भांडारकर पुढे १८९३ ला कुलगुरू झाले, त्यांच्या आधी तेलंग, काशिनाथ त्र्यंबक तेलंग, ते पहिले भारतीय कुलगुरू, पण बिचारे १८९३ मध्ये ऐन चाळिशीत गेले.

हद्द केवढी होती बघा, सिंध, गुजरात, महाराष्ट्र, धारवाडकडचा भाग, सगळं आपल्या विद्यापीठाखाली. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजची पोरं मुंबईची पदवी घ्यायची. गांधीजींनी १८८७ साली अहमदाबादला जाऊन मॅट्रिक दिली ती मुंबई विद्यापीठाचीच. तर परीक्षा घेणं हे काही किरकोळ काम नव्हतं, एका सहीवर निम्म्या पश्चिम भारतातल्या मुलांचं भवितव्य ठरायचं.

पोरबंदर_दगड

इमारतीचं मी सांगतो कारण माझा जीव त्यात अडकलाय. किल्ल्याची तटबंदी गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात पाडली तेव्हा ओव्हलच्या बाजूला ओळीने जागा मोकळी झाली, त्यात विद्यापीठाला आली. डिझाइन लंडनच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचं, हा माणूस हिंदुस्थानात कधी आलाच नाही, नकाशे तिकडून पाठवले. दीक्षांत सभागृहाला कावसजी जहांगीर रेडीमनींनी १ लाख दिले, ते १८७४ ला पूर्ण झालं. लायब्ररी आणि टॉवरचे पैसे प्रेमचंद रायचंदांचे, लायब्ररीला २ लाख आणि टॉवरला अजून २ लाख, टॉवरला नाव आईचं, राजाबाईंचं. १८६९ ला पायाभरणी आणि १८७८ ला पूर्ण, उंची २८० फूट.

हे पैसे आले कुठून हे पण सांगायला पाहिजे. अमेरिकेत यादवी युद्ध लागलं, तिकडचा कापूस बंद, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव, मुंबईत शेअरचा नुसता पूर आला. प्रेमचंद त्या बाजाराचा राजा होता. देणगी १८६४ ची आणि १८६५ ला युद्ध संपलं, बाजार कोसळला, प्रेमचंदही बुडाला आणि बँक ऑफ बॉम्बेही गाळात गेली. आज आपण जी लायब्ररी बघतो ती त्या एका वर्षाच्या फरकामुळे उभी आहे असं मला नेहमी वाटतं.

ताई, रोज जाताच आहात तर एकदा थांबून वर बघा, टॉवरवर पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या जातीजमातींच्या लोकांचे पुतळे आहेत, पागोट्यांवरून ओळखता येतात. २०१८ पासून हा सगळा पट्टा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

चर्चगेट_स्लो

बापरे, किती छान लिहिलंत दोघांनी. काका, चारच ग्रॅज्युएट हे वाचून काटा आला. सासऱ्यांना वाचून दाखवलं, ते जाम खूश आहेत. पण मग भाच्याची बाजू? लंडनचा नमुना घेऊन नुसती परीक्षाच घेत होते तर शिकवायला आणि संशोधन करायला सुरुवात कधी केली?

घुर्येंची_नातविद्यार्थिनी

ताई इथे मी. माझ्या बाईंच्या बाई समाजशास्त्राच्या घुर्ये सरांच्या विद्यार्थिनी होत्या म्हणून हे नाव घेतलंय आणि या विषयावर मी कितीही बोलू शकते.

कायद्याने दार उघडलं ते १९०४ ला, व्हाइसरॉय कर्झनच्या युनिव्हर्सिटीज अ‍ॅक्टने. त्यात विद्यापीठांना स्वतः प्राध्यापक नेमायला, शिकवायला आणि संशोधन करायला परवानगी मिळाली. पण दार उघडलं म्हणून लगेच कोणी आत गेलं असं नाही, खरी सुरुवात झाली १९१९ ला. त्या वर्षी समाजशास्त्राचा विभाग निघाला, देशातला सगळ्यात जुन्यांपैकी एक, आणि पहिले प्राध्यापक म्हणून आले पॅट्रिक गेडिस. हे स्कॉटलंडचे, मूळचे जीवशास्त्रातले, शहरांची रचना अभ्यासणारे, त्यांचं म्हणणं शहर समजून घ्यायचं तर आधी पायी फिरा, लोक कसे राहतात बघा, मग नकाशाला हात लावा. ज्या मुंबईत प्लेगनंतर इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट घरं पाडत आणि रस्ते काढत होता तिथे असा माणूस प्राध्यापक म्हणून येणं ही फार मोठी गोष्ट होती.

विद्यापीठाने एका तरुण पोराला परदेशी शिकायला पाठवलं, गोविंद सदाशिव घुर्ये, आपले मालवणचे! संस्कृतचा पक्का अभ्यास, तिकडे केंब्रिजला मानववंशशास्त्रज्ञ रिव्हर्सकडे शिकले, पीएचडी घेऊन आले आणि १९२४ ला विभागप्रमुख झाले ते १९५९ ला रिटायर होईपर्यंत. पस्तीस वर्षं! त्या पस्तीस वर्षांत त्यांच्या हाताखालून कोण कोण गेलं ते बघा, इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, ए. आर. देसाई, कापडिया, य. भा. दामले. भारतातल्या समाजशास्त्राची जवळजवळ एक अख्खी पिढी फोर्टातल्या त्या खोल्यांत तयार झाली. आणि सगळे सरांसारखाच विचार करणारे नव्हते बरं का, देसाई पक्के मार्क्सवादी, सरांचा रस्ता एकदम वेगळा, तरी विद्यार्थी त्यांचेच. सर विषयही कुठले कुठले द्यायचे, जात, नातेसंबंध, साधू, आदिवासी, शहर, पोशाख. भारतीय समाजशास्त्राची देशपातळीवरची संघटना १९५१ ला काढली तीही घुर्येंनीच आणि पुढच्या वर्षी तिचं नियतकालिक सुरू केलं.

अर्थशास्त्रही त्याच सुमारास उभं राहिलं. सी. एन. वकील, नंतर दांतवाला, ब्रह्मानंद. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या वेळी सगळा देश अवजड उद्योग, पोलाद, यंत्रं म्हणत होता तेव्हा वकील आणि ब्रह्मानंद यांनी इथे बसून मांडलं की आधी धान्य, कापड अशा कामगाराला रोज लागणाऱ्या वस्तू वाढवा, त्याशिवाय रोजगार वाढणार नाही. दिल्लीने ऐकलं नाही, पण सरकारी योजनेसमोर उभं राहून आकडे घेऊन वाद घालणारा विभाग आपल्या विद्यापीठात होता याचा मला आजही अभिमान वाटतो. माझ्या मते विद्यापीठ संशोधनाचं झालं ते इमारतीने नाही आणि कायद्यानेही नाही, ते झालं जेव्हा त्यांनी माणसं निवडून, स्वतःच्या खर्चाने शिकायला पाठवून, परत आल्यावर त्यांना पंचवीस-तीस वर्षं शांतपणे काम करू दिलं तेव्हा.

माटुंगा_पूर्व

सायन्सचं राहिलं म्हणून लिहितो. १ ऑक्टोबर १९३३ ला विद्यापीठाने केमिकल टेक्नॉलॉजीचा विभाग काढला, यूडीसीटी, सुरुवात फोर्टातल्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये आणि मग माटुंग्याला स्वतःची जागा. कारण सरळ होतं, गिरण्या! लालबाग-परळला एवढ्या गिरण्या, कापड रंगवायचं तर रसायन कळणारी माणसं पाहिजेत, सगळी विलायतेहून किती दिवस आणणार. म्हणून टेक्स्टाइल केमिस्ट्री आणि केमिकल इंजिनिअरिंग. पुढे याच विभागात एम. एम. शर्मा सर झाले, रॉयल सोसायटीचे फेलो, आणि त्यांच्याकडे पीएचडी केली रघुनाथ माशेलकरांनी, गिरगावच्या चाळीतलं पोर, युनियन हायस्कूलचं, पुढे सीएसआयआरचे, म्हणजे सरकारी प्रयोगशाळा चालवणाऱ्या संस्थेचे, महासंचालक. संशोधन नव्हतं म्हणणाऱ्यांनी एकदा माटुंग्याला येऊन बघावं.

पण मला जे टोचतं ते बोलतो. जे जे चांगलं वाढलं ते ते बाहेर पडलं. २००८ ला यूडीसीटीचं वेगळं विद्यापीठ झालं, आयसीटी. मेडिकल कॉलेजं १९९८ नंतर नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडे गेली, म्हणजे ग्रँट मेडिकल, जे विद्यापीठाच्या जन्मापासून सोबत होतं ते गेलं. आणि आता एल्फिन्स्टन, सिडनहॅम, इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स हे सगळे डॉ. होमी भाभा स्टेट युनिव्हर्सिटीत. एल्फिन्स्टन! जिथे ते पहिले बीए शिकले, जिथे बाबासाहेब बीए झाले, ते कॉलेज आज मुंबई विद्यापीठात नाही. मग उरतं काय तर शेकडो कॉलेजांच्या परीक्षा, पेपर तपासणी, रिझल्ट. याला वाढ म्हणायची का सांगा. मला तरी वाटतं संलग्न कॉलेजांचं ओझं एकदाचं कमी करून टाकावं आणि कलिनाला फक्त पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधन ठेवावं.

कणकवली_ते_कलिना

दादा तुमचं दुःख कळतं पण शेवटच्या वाक्यावर मी अजिबात सहमत नाही.

मी सिंधुदुर्गातली. माझं कॉलेज लहान, प्रयोगशाळा साधी, प्राध्यापक चांगले पण मोजकेच. माझ्या बीएस्सीच्या पदवीवर मुंबई विद्यापीठ असं लिहिलेलं होतं म्हणून मला पुढे एमएस्सीला कलिनाला येताना आपण कोणीतरी बाहेरचे आहोत असं वाटलं नाही. मुंबई शहर, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सात जिल्हे आहेत, जव्हारच्या पोरापासून सावंतवाडीच्या पोरीपर्यंत सगळे एकाच अभ्यासक्रमाने, एकाच पदवीने जोडलेत. आठशेच्या आसपास कॉलेजं म्हणजे ओझं असं फोर्टात किंवा माटुंग्यात बसून म्हणता येतं, कोकणातून नाही. आणि घुर्ये सर मालवणचे ना? शिकायला त्यांना मालवण सोडून मुंबई, जुनागढ असं जावं लागलं, आज मालवणच्या पोराला निदान पहिली पदवी तरी जवळपास मिळते.

बाहेर पडण्याबद्दल म्हणाल तर ते आजचं थोडंच आहे. १९४७ ला सिंधचं विद्यापीठ वेगळं झालं, १९४९ च्या सुमारास पुणे, गुजरात, कर्नाटक, बडोदा सगळे वेगळे झाले. त्या वेळी पण काही लोकांना मुंबई आता संपली असं वाटलं असेल. पण त्यानंतरच तर कलिना उभं राहिलं, विद्यानगरी, १९७१ पासून, २३० एकर, फोर्टचा कॅम्पस आहे १३ एकरांचा. फिजिक्स, केमिस्ट्री, भाषा, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, सगळे विभाग इथे. जवाहरलाल नेहरू लायब्ररी इथे. १९७१ लाच पत्राद्वारे शिक्षणाचा विभाग सुरू झाला म्हणून नोकरी करणाऱ्या, घर सांभाळणाऱ्या किती बायका पदवीधर झाल्या, माझी मावशी त्यातली एक, तिला कॉलेजात जाणं शक्यच नव्हतं. २००७ ला अणुऊर्जा विभागाबरोबर मिळून बेसिक सायन्सेसचं सेंटर कलिनालाच निघालं, बारावीनंतर सलग पाच वर्षांचं एमएस्सी, शिकवायला बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र) आणि टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) इथली माणसं येतात. आणि कुलाब्याच्या टीआयएफआरला २००२ ला स्वतःचा विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्याआधी तिथल्या किती शास्त्रज्ञांच्या पीएचडीवर मुंबई विद्यापीठाचं नाव आहे! तेही याच परीक्षा घेणाऱ्या ऑफिसचं काम.

एक मात्र मान्य, परीक्षा विभागाचा भार विभागांच्या अंगावर येतो. आमचे सर एप्रिल-मे मध्ये पेपरांच्या गठ्ठ्यांत असायचे आणि आमचं स्पेक्ट्रोमीटरचं काम तसंच पडून राहायचं. त्यासाठी माणसं भरा, रिकाम्या जागा भरा, कोकणातली कॉलेजं तोडू नका.

माटुंगा_पूर्व

ताई, कोकणाचा मुद्दा पटला, मी त्या बाजूने विचारच केला नव्हता. पण जागा भरल्याशिवाय दोन्ही नीट होणार नाही यावर तरी आपण एक आहोत. घुर्येंना पस्तीस वर्षं मिळाली, आजच्या पोरांना अकरा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, त्यात कोण काय उभं करणार.

शाईपेन

दोन गोष्टी कोणी लिहिल्या नाहीत म्हणून थोडक्यात.

एक, बायका. कॉर्नेलिया सोराबजी, नाशिकला जन्म, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात एकटी मुलगी, १८८० च्या दशकात मुंबई विद्यापीठाची पहिली पदवीधर स्त्री झाली आणि तीही फर्स्ट क्लास. नंबराप्रमाणे विलायतेची सरकारी स्कॉलरशिप तिला मिळायला हवी होती, बाई म्हणून दिली नाही. लोकांनी पैसे जमवले आणि ती १८८९ ला ऑक्सफर्डला गेली, तिथे कायदा शिकणारी पहिली स्त्री. १८९२ ला परीक्षा दिली पण ऑक्सफर्ड बायकांना पदवीच देत नव्हतं, ती हातात पडायला १९२२ उजाडलं. या बाबतीत आपलं विद्यापीठ ऑक्सफर्डच्या कितीतरी पुढे होतं हे सांगायलाच हवं.

दुसरं, मराठी. सुरुवातीला देशी भाषा परीक्षेला घेता यायच्या, पण १८६० च्या दशकात वरच्या परीक्षांतून त्या काढून टाकल्या, संस्कृत, लॅटिन वगैरे ठेवल्या. रानडे, जे स्वतः पहिल्या बॅचचे, ते यासाठी अनेक वर्षं भांडत राहिले, सिनेटमध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या सभेत, एकेकाची समजूत काढत राहिले, आणि त्यांच्या अगदी शेवटच्या दिवसांत एमएला मराठी घ्यायला वाट मिळाली. जानेवारी १९०१ मध्ये ते गेले. आज कोणी कलिनाला मराठीत पीएचडी करत असेल तर त्याने हे विसरू नये.

चर्चगेट_स्लो

खरंच मनापासून आभार सगळ्यांचे, सोराबजींचं वाचून ऑफिसमध्ये चार जणींना पाठवलं. भाच्याने सगळा धागा वाचला, आता तो विचारतोय की घुर्ये, वकील यांच्या काळातले जुने थीसिस सामान्य माणसाला बघायला मिळतात का? आणि फोर्टातली लायब्ररी आतून बघता येते का, सासऱ्यांना दाखवायची आहे, त्यांनी पदवी घेतली पण आत कधी गेलेच नाहीत.

घुर्येंची_नातविद्यार्थिनी

अलीकडचे थीसिस असतील तर शोधगंगा वेबसाइटवर शोधा, घरबसल्या फुकट दिसतात. जुन्यांसाठी भाच्याला आधी नेहरू लायब्ररीत विचारायला सांगा, तो तिथलाच आहे, त्याला सोपं जाईल. विषय आणि साल लिहून न्यायचं म्हणजे काउंटरवरच्या माणसालाही शोधता येतं.

फोर्टची लायब्ररी बघायची तर आधी ऑफिसात विचारून, ओळखपत्र घेऊन आणि वर्किंग डेला जा. टॉवरवर चढू देत नाहीत पण वाचनालयाचा तो लाकडी छताचा हॉल आणि रंगीत काचा बघायला मिळाल्या तर सासरे खूश होतील. आणि तिथे संस्कृत, अरबी, फारसी हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे, आसफ फैजींनी दिलेली इस्माइली हस्तलिखितं पण त्यात आहेत, त्यासाठी मात्र वेगळी परवानगी लागते. भाच्याला बरोबर न्या, विद्यार्थ्याचं कार्ड असलं की बोलणं लवकर होतं.